पीक रानात उभे, उताऱ्यावर कोरे

मागच्या खरिपात, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाने अर्ध्या दिवसाची उघडीप दिली तेव्हा मी आईला घेऊन दुधना नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या रानात गेलो. सातबारा आईच्या नावावर आहे. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे रानातले पीक ॲपवर फोटोसह सातबाऱ्याला नोंदवण्यासाठी, खातेदाराने स्वतः हजर असलेच पाहिजे असे काही नाही, मोबाईल हातात असला म्हणजे भागते. पण ज्याच्या नावाची जमीन त्याने पाहणीच्या वेळी धुऱ्यावर उभे राहावे, हा तिच्या वडिलांच्या काळापासूनचा रिवाज तिला मोडायचा नव्हता. पांदीचा चिखल असा होता की चपला हातात घ्याव्या लागल्या. सोयाबीन कमरेला आले होते, शेंगा भरत होत्या, आणि दर काही ओळींनंतर तुरीची एक ओळ डोके काढून उभी होती.

मी ॲप उघडले, संकेतांक टाकला, खातेदार निवडला, गट क्रमांक निवडला, हंगाम, पिकाचा वर्ग, मिश्र पीक, क्षेत्र हेक्टर आणि आर यांत, लागवडीची तारीख, सिंचनाचे साधन, हे सगळे एकेक करून भरले. शेवटी फोटोची पायरी आली आणि पडद्यावर सूचना उमटली की आपण निवडलेल्या गटापासून दूर आहात. आम्ही त्या वेळी रानाच्या मधोमध उभे होतो. मी आईला सूचना वाचून दाखवली. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आपुन आपल्या रानात न्हाई, तर मंग कुणाच्या रानात उभे हाव?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. थोडे सरकून, थोडे थांबून, ढग जरा विरळ झाल्यावर पूर्वेच्या धुऱ्यावरील लिंबाच्या झाडापाशी तिसऱ्या खेपेला फोटो घेतला गेला. तेथे रेंज नव्हती, म्हणून माहिती मोबाईलमध्येच अडकून राहिली आणि रात्री साडेअकराच्या सुमारास, घराच्या माळवदावर चढून, ती एकदाची वर गेली. आमचा पेरा लागला, म्हणजे पिकाची नोंद झाली. मी शिकलेला आहे, शाळेत तीस वर्षे गणित शिकवले आहे, माझ्याकडे बऱ्यापैकी मोबाईल आहे आणि सेवानिवृत्तीमुळे मोकळा दिवस आहे. इतके सगळे असूनही एका गटासाठी मला एक दिवस आणि अर्धी रात्र लागली, हे सांगण्यासाठीच एवढे सविस्तर लिहिले.

राज्य सरकारने ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू केली. 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदविणार माझा पीकपेरा' हे तिचे घोषवाक्य होते आणि ते ऐकून मला त्या वेळी मनापासून आनंद झाला होता. आता चार-पाच हंगामांचा अनुभव गाठीशी बांधल्यावर माझे म्हणणे असे झाले आहे की ॲप राहू द्यावे, पण त्याची सक्ती रद्द करावी. ज्या शासन निर्णयांनी आणि परिपत्रकांनी अनुदान, विमा व हमीभावाची खरेदी या तिन्ही गोष्टी या एका नोंदीला बांधून टाकल्या आहेत, त्यांतील ते बंधन काढून टाकावे. पाहणीचे मूळ कर्तव्य ज्या यंत्रणेचे होते, तिच्याकडे ते लेखी स्वरूपात परत द्यावे.

'मूळ कर्तव्य' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरत आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड उतारा. सातमध्ये जमीन कोणाची ते असते, बारामध्ये त्या जमिनीत त्या वर्षी काय पेरले ते असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा आणि अधिकार अभिलेख व नोंदवह्यांबाबतचे नियम १९७१ चे. त्या नियमांप्रमाणे गावात आगाऊ सूचना देऊन, ठरलेल्या दिवशी शिवारात जाऊन, गावकऱ्यांच्या समक्ष पिकांची पाहणी करणे आणि बारा नंबरला नोंद घेणे हे तलाठ्याचे काम होते. आपल्या मराठवाड्यात तर हा शब्द त्याहूनही जुना आहे. निजामाच्या राज्यातून आलेल्या आपल्या दप्तरात खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक ही नावे होती. आजही गावातील ऐंशी वर्षांचा माणूस सातबाऱ्याला सहज पाहणी पत्रक म्हणून जातो. पाहणी म्हणजे सरकारच्या माणसाने येऊन पाहणे, हा अर्थ त्या शब्दात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे.

ही पाहणी नीट होत असे, असे मात्र मी म्हणणार नाही. माझ्या वडिलांच्या हयातीत आमच्या रानात सलग तीन वर्षे कापूस असताना उताऱ्यावर ज्वारी लागत होती, कारण मागच्या वर्षीचा पेरा पुढच्या वर्षी तसाच उतरवून काढण्याची पद्धत होती. चावडीत बसून, चहाच्या टपरीवर बसून, कधी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला विचारून पेरे लागत. एकेका तलाठ्याकडे सजातली तीन-तीन, चार-चार गावे असत आणि त्यातच निवडणूक, जनगणना, टंचाई, पंचनामे ही सगळी कामे. त्यामुळे पीक कर्ज काढताना, नुकसानभरपाई मागताना, उताऱ्यावरचे पीक आणि रानातले पीक यांचा मेळ बसत नसे आणि मग नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी हेलपाटे घालावे लागत. शेतकऱ्याने स्वतःच नोंद करावी, फोटोसह करावी, म्हणजे मधल्या माणसाच्या हातापाया पडण्याची वेळ येणार नाही, हा विचार चांगला होता आणि तो ज्यांनी केला त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पहिल्या वर्षी मी स्वतः गल्लीतल्या अकरा जणांचे पेरे लावून दिले होते.

पण त्या चांगल्या विचारात एक गोष्ट गुपचूप उलटी झाली. आधी नोंद चुकली तर चूक कार्यालयाची होती आणि तक्रार करायला जागा होती. आता नोंद राहिली तर चूक शेतकऱ्याची ठरते. २०२२ पासून तर शेतकऱ्याने केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानली जाते आणि तलाठ्याने त्यातील किमान दहा टक्के नोंदींची पडताळणी करावी, एवढेच काम त्यांच्याकडे उरले. चुकीची दुरुस्ती अठ्ठेचाळीस तासांच्या आत आणि तीही एकदाच करता येते. म्हणजे अधिकार म्हणून जे हातात दिले, ते दोन-तीन हंगामांत कर्तव्य झाले आणि कर्तव्य चुकल्याची शिक्षा म्हणून अनुदान थांबले. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी असे नवे पदनाम मिळाले आहे. पदनाम वाढले आणि त्याच सुमारास गावाचा शिवार पाहण्याचे काम त्या पदाखालून निसटले, याचे मला वाईट वाटते, कारण चांगला तलाठी शिवार पायी ओळखत असे आणि अशी दोन माणसे मी माझ्या आयुष्यात पाहिली आहेत.

ॲप आम्हाला आमच्याच रानातून बाहेर काढते ते का, याचा मी नंतर बराच विचार केला. मोबाईलचा जीपीएस ढगाळ हवेत आणि झाडीत काही मीटर इकडेतिकडे दाखवतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण जमिनीत आहे. गट क्रमांक हे तुकडेजोड योजनेत पडले, त्यांचे नकाशे कागदावर होते आणि आता ते संगणकावर चढवून उपग्रहाच्या चित्राशी जुळवले गेले आहेत. कागदावरची रेष आणि नांगराच्या तासाने ठरलेली रेष यांत पूर्वीपासून फरक आहे. भावाभावांच्या वाटण्या वहिवाटीने झालेल्या आहेत, एका गटात चार पोटहिस्से आहेत, त्यातल्या दोघांनी आपसात अदलाबदल केलेली आहे, नदीने एका बाजूचा काठ खाल्लेला आहे, आणि या सगळ्याची माहिती गावाला असली तरी नकाशाला नाही. माणूस शिवारात आला असता तर त्याला हे धुऱ्यावर उभे राहून दोन मिनिटांत सांगता आले असते. यंत्रासमोर सांगण्याची सोय नाही. ते फक्त इतके म्हणते की आपण गटापासून दूर आहात.

आमच्या शेजारच्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या घरात, एक चुलती राहते. नाव लिहीत नाही. चुलते वारून सहा वर्षे झाली, जमीन तिच्या नावावर लागली, मुलगा चाकणला कंपनीत आहे. घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो मुलाबरोबर चाकणला आहे. चुलतीकडे बटनांचा मोबाईल आहे, ज्यावर फक्त बोलता येते. मुलगा पोळ्याला येणार होता, त्याला सुटी मिळाली नाही. चुलतीने गावातील एका पोराला विनवले, तो म्हणाला उद्या येतो, उद्या पाऊस आला, परवाही पाऊस आला. शेतकरी स्तरावरची मुदत संपल्यावर उरलेल्या गटांची नोंद करण्यासाठी गावोगाव सहाय्यक नेमलेले असतात, तसा आमच्याकडेही होता. पण त्याच्या वाट्याला शेकडो गट, अंगावर स्वतःचा मोबाईल, स्वतःचे पेट्रोल आणि चिखलात रुतलेली पांद. तो चुलतीच्या रानापर्यंत पोहोचलाच नाही. मी त्याला दोष देत नाही. मी स्वतः तिच्या रानात जाऊन नोंद करून द्यायला हवी होती आणि मी दोन दिवस उद्यावर ढकलले, ही माझी चूक मला अजून टोचते.

त्यानंतर महिनाअखेरीस जे झाले ते मराठवाड्यातल्या कोणाला सांगायला नको. सप्टेंबर २०२५ च्या त्या पावसाने गोदावरी, सिंदफणा, मांजरा, पूर्णा, दुधना अशा सगळ्या नद्या पात्राबाहेर आल्या, उभी पिके कुजली आणि कित्येक ठिकाणी पिकाखालची मातीही खरवडून गेली. सरकारने पाहणीची मुदत वाढवून दिली, परंतु ज्याच्या रानात गुडघाभर पाणी होते, त्याने फोटो कशाचा काढायचा होता? पीक असल्याचा पुरावा पिकासमोर उभे राहून द्यायचा आणि पीक तर नदीने नेलेले.

येथे एक गोष्ट मी फार बारकाईने पाहिली आणि माझे मत पक्के होण्याचे खरे कारण तीच आहे. पूर ओसरल्यावर पंचनाम्यासाठी महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत या तिन्ही खात्यांची माणसे आमच्या शिवारात आली. ती चिखलातून पायी आली, ट्रॅक्टरवर बसून आली, एका ठिकाणी तर बैलगाडीतून आली. त्यांनी चुलतीचे रान पाहिले, शेजाऱ्यांना विचारले, कोणते पीक होते, किती क्षेत्रावर होते, ते लिहून घेतले आणि पाच माणसांच्या सह्या घेतल्या. म्हणजे हे काम माणसांना करता येते, वर्षातल्या सर्वांत वाईट आठवड्यातही करता येते. मग हंगामातून एकदा, कोरड्या दिवशी, आगाऊ सूचना देऊन तेच काम करणे अशक्य का मानले जाते, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

चुलतीचे माळावरचे अडीच एकर रान उंचावर असल्यामुळे वाचले होते. त्यातले सोयाबीन तिने काढले, वाळवले. त्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झालेला होता आणि मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली होता. खरेदी केंद्रावर नोंदणी करायला गेलो तर सातबाऱ्यावर पेरा पाहिजे म्हणाले. चुलतीचा उतारा पिकाच्या रकान्यात कोरा होता. पोत्यातले सोयाबीन समोर होते, दाणा हातात घेऊन पाहता येत होता, पंचनाम्याच्या कागदावर तिच्या रानात सोयाबीन असल्याचे लिहिलेले होते, परंतु ते त्या रकान्यात नव्हते. काउंटरवरचा तरुण मुलगा अतिशय सभ्यपणे बोलत होता आणि त्याच्या हातात खरोखरच काही नव्हते. पेरा नसेल तर त्याच्या संगणकावर पुढचे पान उघडत नव्हते. चुलतीने माल मोंढ्यात घातला. किती रुपयांचा फटका बसला, तो हिशेब मी मांडून तिला दाखवला नाही.

विम्याचीही तीच गोष्ट आहे. एक रुपयातला पीक विमा बंद होऊन २०२५ च्या खरिपापासून जी सुधारित योजना आली, तिच्यात ई-पीक पाहणी बंधनकारक झाली. त्याच वर्षी शेतकरी ओळख क्रमांकही योजनांसाठी आवश्यक केला गेला. बटईने किंवा ठोक्याने रान करणाऱ्याची अडचण तर याहून मोठी आहे, कारण पेरणारा एक आणि खातेदार दुसरा. नोंद खातेदाराच्या नावावर, लाभ त्याच्या खात्यात, आणि खत, बियाणे व घाम पेरणाऱ्याच्या अंगावर. मराठवाड्यात बटईचे रान किती आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या सक्तीचा खरा भार कोणावर पडतो ते वेगळे सांगावे लागत नाही.

सक्ती काढली तर सरकारचा कारभार कोलमडेल, असे मला एका परिचित अधिकाऱ्यांनी कळकळीने सांगितले. बोगस विमे निघतील, पडीक जमिनीवर अनुदाने उचलली जातील, ही त्यांची भीती खोटी नाही. तसे प्रकार झालेले आहेत आणि ते प्रामाणिक शेतकऱ्याच्याच मुळावर येतात. पण सरकारने स्वतःच एकदा ही अट बाजूला ठेवून पाहिली आहे. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याचे जाहीर झाले तेव्हा आधी ई-पीक पाहणीची नोंद असलेल्यांचीच नावे यादीत आली. गावोगावचे लोक याद्या पाहून हबकले. ज्याच्या रानात दोन्ही पिके होती त्याचे नाव नाही आणि रस्त्यापलीकडच्याचे आहे, असे घरोघरी झाले. ओरड झाल्यावर २०२४ मध्ये सरकारने ती अट शिथिल केली आणि तलाठ्याकडच्या नोंदी ग्राह्य धरण्याचा मार्ग काढला. त्यामुळे राज्य बुडाले नाही. जी अट निवडणुकीच्या वर्षी शिथिल करता येते, ती बाकीच्या वर्षीही करता आली पाहिजे, आणि दरवेळी ओरड होण्याची वाट पाहण्यापेक्षा नियमातच तशी तरतूद असावी, एवढेच माझे मागणे आहे.

फोटो आणि जीपीएस आले म्हणजे लबाडी थांबते, हाही विश्वास तपासून पाहण्यासारखा आहे. रोजगार हमीचे उदाहरण आपल्यापुढे आहे. ज्या महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली, त्याच महाराष्ट्रात १ जानेवारी २०२३ पासून, बाकी देशाप्रमाणेच, कामावरच्या मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा ॲपवर फोटो काढून लावणे बंधनकारक झाले. सकाळचा फोटो चढला आणि दुपारचा चढला नाही, तर दिवसभर दगड फोडलेल्या बाईची हजेरी धोक्यात. आणि तरीही जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून राज्यांना कळवावे लागले की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात आहेत, फोटोचा फोटो काढून चढवला जात आहे, आणि म्हणून माणसांनी ते फोटो तपासावेत. ज्याला लबाडी करायची आहे तो ॲप शिकून घेतो. अडकतो तो, ज्याला ॲप येत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

ॲपची सक्ती मागे घेणे ही काही न घडलेली गोष्ट नाही. २०२० च्या टाळेबंदीत १ मे रोजी केंद्राने सर्व कर्मचाऱ्यांना आरोग्य सेतू बंधनकारक केले आणि सतरा दिवसांच्या आत, १७ मेच्या आदेशात, ते 'शक्यतो' या पातळीवर आणले. पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात म्हटले की तसा कायदा नसताना हे ॲप नाही म्हणून कोणाला सरकारी सेवा नाकारता येणार नाही. २०२१ मध्ये आपल्या राज्यातील अंगणवाडी ताईंनी पोषण आहाराच्या नोंदींसाठी दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले; त्या आंदोलनात मराठवाड्यातल्या ताईही होत्या. आणि अगदी अलीकडे, २८ नोव्हेंबर २०२५ रोजी, प्रत्येक नव्या मोबाईलमध्ये संचार साथी ॲप घालूनच तो विकावा असा दूरसंचार विभागाचा आदेश निघाला आणि ३ डिसेंबरला तो मागेही घेतला गेला. शहरातल्या लोकांच्या मोबाईलमध्ये एक ॲप आपोआप येणार म्हटल्यावर देशभर आवाज उठला आणि सहा दिवसांत आदेश परत गेला, हे चांगलेच झाले. तोच आवाज चुलतीच्या कोऱ्या रकान्यासाठीही उठावा, म्हणून मी हे लिहीत आहे.

येथे घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. ई-पीक पाहणीची सक्ती आज शासन निर्णयांवर उभी आहे. शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने रद्द होतो. त्यासाठी विधिमंडळात जावे लागत नाही. पण एकदा अशी गोष्ट कायद्याच्या मजकुरात जाऊन बसली की तिला हलवणे अवघड होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीचा २००५ चा कायदा बाजूला सारून नवा कायदा केला, त्याच्या मजकुरातच बायोमेट्रिक ओळख आणि मोबाईलवरच्या देखरेखीला जागा मिळाली आहे. जे काल परिपत्रक होते ते आज कायदा झाले. पीक पाहणीच्या बाबतीत ती वेळ यायच्या आधी बोलले पाहिजे.

उलट बाजूने, कायद्याला पर्यायाची भाषा येत नाही असेही नाही. आधारचा २०१६ चा कायदा घ्या. त्याच्या सातव्या कलमात सरकारी लाभासाठी आधार मागण्याची मुभा आहे, आणि त्याच कलमाच्या परंतुकात, ज्याला आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला ओळखीचा दुसरा मार्ग दिला जाईल, असेही लिहिलेले आहे. प्रत्यक्षात ते किती पाळले जाते हा वेगळा विषय आहे, पण लिहिलेले असले म्हणजे निदान बोट ठेवायला ओळ असते. आमच्या सातबाऱ्याच्या बाबतीत बोट ठेवायला तेवढीही ओळ नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ प्रमाणे ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. पीकनोंदीची सेवा मात्र शेतकऱ्याने शेतकऱ्यालाच द्यायची असल्यामुळे मुदत चुकली तर दंड त्यालाच.

म्हणून मी एक ठराव लिहून काढला आहे आणि तो १ मेच्या ग्रामसभेत मांडणार आहे. त्यात राज्य शासनाकडे चार मागण्या आहेत. ॲपवर नोंद नसणे एवढ्याच कारणाने कोणत्याही शेतकऱ्याचे अनुदान, विमा दावा किंवा हमीभावाची नोंदणी नाकारली जाऊ नये. शेतकऱ्याने साध्या कागदावर अर्ज दिला तर ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांच्या आत रानात येऊन, दोन शेजाऱ्यांसमक्ष, पेरा नोंदवावा आणि अर्जाची पोच द्यावी. पंचनाम्यात लिहिलेले पीक हे नोंदलेले पीक मानावे. आणि बटईदाराचे नाव पीकनोंदीत वेगळ्या रकान्यात घेतले जावे, खातेदाराच्या हक्काला त्याने धक्का लागणार नाही अशा स्पष्ट शब्दांसह. चौथ्या मागणीवर गावात मतभेद आहेत आणि तेही मी समजू शकतो. कसणाऱ्याचे नाव कागदावर लागले तर जमीन जाईल, ही कुळकायद्याची भीती आपल्याकडे अजून जिवंत आहे. ती मागणी वेगळी काढावी लागली तर काढीन, पण पहिल्या तीन मागण्यांवर मागे येणार नाही.

मसुदा मी आईला आणि चुलतीला ओसरीवर बसून वाचून दाखवला. चुलतीने तिसरी मागणी पुन्हा वाचायला लावली. मग विचारले की हे मंजूर झाले तर मागच्या सालचे सोयाबीन त्यात धरतील का. मी नाही म्हणालो. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग सही करायला पेन मागितला. शाळेत ती दुसरीपर्यंतच गेली आहे, पण सही तिला येते, आणि तिने ती सावकाश, पूर्ण नाव लिहून, आईच्या सहीच्या खाली केली.